फटफटीच्या पाळण्यातून सातारा-सांगली

लढाई संपल्यावर आमचे हे पलटणीतून रजेवर घरी आले ते फटफटी घेऊन. लष्कराचा जुना माल तेव्हा पुण्याला लिलावात निघत होता, त्यातली ती. नुसती फटफटी असती तर गावानं एक वेळ सोसली असती. पण तिच्या डाव्या अंगाला आणखी एक चाक होतं आणि त्या चाकावर होडीसारखी डबी बसवलेली होती, एका माणसानं पाय लांब करून बसावं एवढी. गावातल्या बायकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव पाळणा ठेवलं. त्या पाळण्यात कोण बसणार हे सगळ्यांना कळत होतं, तरी मी नदीवर धुणं घेऊन गेले की एकेकजण विचारायचीच. मी मान खाली घालून धुणं आपटायची. इतक्या जोरात, की त्या आठवड्यात सासूबाईंचं एक चांगलं लुगडं फाटलं.

आमचं गाव कृष्णाकाठचं, कऱ्हाडच्या खालच्या अंगाला. उसाचा मळा, गुऱ्हाळ, माणसांनी भरलेलं घर. लग्न झालं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. पुढच्या सुगीच्या आत हे लढाईवर गेले ते लढाई संपेपर्यंत आलेच नाहीत. ड्रायव्हर होते. आधी आफ्रिकेच्या वाळूत लॉऱ्या चालवल्या, मग इटलीत. गेले तेव्हा ओठावर नुसती लव होती. आला तो रुंद खांद्यांचा, रापलेला, मोठ्यानं हसणारा परका माणूस. आमच्या घरात पुरुष सोप्यात निजत आणि बायका माजघरात. दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलायचं नाही, सासऱ्यांसमोर तर त्याच्याकडं बघायचंही नाही. पाणी द्यायचं तर तांब्या उंबऱ्यावर ठेवून मागं सरायचं. ही रीत मला कधी जाचली नाही. उलट बरी वाटायची, कारण त्या माणसाशी बोलायचं काय, हे मला ठाऊकच नव्हतं.

त्यांना मात्र जाचली. तिकडच्या मुलखात त्यांनी काय काय पाहिलं होतं. नवरा-बायको तंबू घेऊन रानोमाळ हिंडतात, बागेत एका बाकड्यावर बसतात, दिवसभर एकमेकांशी बोलतात आणि कुणी त्यांच्याकडं ढुंकून बघत नाही. हे सगळं ते सोप्यात बसून आल्यागेल्याला सांगत. आत चुलीपुढं मला ऐकू येईल एवढ्या आवाजात सांगत, हे मला कळायचं आणि माझे कान तापायचे.

बाहेर पडायला निमित्त झालं नवसाचं. मुलगा लढाईतून सुखरूप आला तर नवरा-बायकोनं मिळून औंधाला यमाईची ओटी भरायची, असं सासूबाई बोलल्या होत्या. एरवी असा नवस म्हणजे दोन गाड्या जुंपायच्या आणि सगळ्या घरानं निघायचं. हे म्हणाले, फटफटीवर दोनच माणसं मावतात. सासूबाईंनी पुष्कळ आदळआपट केली. शेवटी सासऱ्यांनी एका वाक्यात मिटवलं, "जाऊ दे त्येला. म्हैन्याभरानं परत पलटनीत जायाचाच हाय."

खरी गोष्ट ती होती. रजा संपली की डेपोत हजर व्हायचं आणि तिथं सांगायचं, सही करून आणखी काही वर्षं राहतो, नाहीतर सुटतो. घरच्या सगळ्यांचं मत पडलं होतं की राहावं. मळ्यात माणसं पुष्कळ होती, दरमहा घरी पैसा आणणारा एकच. माझं मत कुणी विचारलं नव्हतं आणि कुणी विचारेल असं मला वाटलंही नव्हतं.

आम्ही निघालो तेव्हा अख्खं गाव वेशीपर्यंत आलं. मागं तंबूची वळकटी बांधलेली, पेट्रोलचे दोन डबे, स्टो, एनॅमलचे मग, आणि पाळण्यात मी, मांडीवर ओटीचं साहित्य घेऊन. ह्यांनी डोळ्यांना आफ्रिकेच्या वाळूत वापरायचे तो गॉगल लावलेला. मी पदर इतका खाली ओढला होता की मला माझे गुडघेच तेवढे दिसत होते. फटफटी सुरू झाली, पोरं ओरडत मागं लागली, आणि कुणीतरी म्हातारी म्हणाली, "अगं बया, लिंगायतांत मेल्यावर न्हेत्यात तशी बसवून न्हेतोय की." धरणीनं पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. ह्यांना ऐकूच आलं नाही, किंवा आलं असलं तरी ते हसले असतील.

औंध राहिलं बाजूला, हे आधी सरळ साताऱ्याला गेले. "देवी कुटं पळून जातीय काय?" असं मला म्हणाले. मी मांडीवरचं ओटीचं साहित्य घट्ट धरलं. माहुलीला नदीच्या वरच्या अंगाला त्यांनी तंबू ठोकला. मला वाटलं होतं मी स्वयंपाक करीन. पण स्टो मला पेटवता येईना आणि तीन दगड मांडायला ते देईनात. स्वतःच बसले, डाळ-तांदूळ एकत्र शिजवलं आणि मगमध्ये घालून माझ्यापुढं धरलं. घाटावर दोन बायका पाणी भरत होत्या. पुरुष रांधतोय आणि बाई बसून आहे हे त्यांनी पाहिलं, घागरी तशाच ठेवल्या आणि नीट बघत उभ्या राहिल्या. मी तंबूच्या आड झाले. ह्यांनी माझा मग तिथं आणून ठेवला आणि विचारलं, "कसं झालंय?" मी मान हलवली. "आगं, तोंडानं सांग की." मला सांगवेना. मी मग उचलून तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यात त्यांनी मला बाग दाखवायला नेलं. फुलांचे वाफे, कारंज्याचा कोरडा हौद, लोखंडी बाकडी. ते पुढं आणि मी दहा पावलं मागं. ते थांबले की मी थांबायची. ते एका बाकड्यावर बसले आणि शेजारची जागा हातानं झटकली. मी हौदाच्या कडेला, त्यांच्याकडं पाठ करून बसले. जरा वेळानं ते उठून माझ्याजवळ आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "मला सही करायची न्हाई. लय फिरलो. पर घरात ऱ्हायाचं तर कुनासाठी, ते तरी कळू दे. तू एक शब्द बोलंनास. तुला मी गेल्यालाच बरा वाटत असंल तर तसं सांग, मी वाईट वाटून घेनार न्हाई. परत घरी जाईपर्यंत सांग."

एवढं सरळ माझ्याशी आजवर कुणीच बोललं नव्हतं. आईसुद्धा नाही. बागेत एक शाळामास्तरासारखा माणूस छत्री घेऊन बसला होता, तो आमच्याकडं बघत होता, आणि माझ्या मनात एवढंच येत होतं की हे इथून लवकर बाजूला होतील तर बरं. तेच झालं. ते बाजूला झाले आणि फटफटीकडं चालू लागले.

औंधाला ओटी भरली. पुजाऱ्यानं दोघांना शेजारी उभं केलं तेवढाच वेळ मी त्यांच्या शेजारी उभी होते. तिथून घरी वळायचं, तर हे म्हणाले, आटपाडीकडं जाऊ. वाळवंट कसं असतं ते मला दाखवायचं होतं म्हणे. मी कृष्णाकाठची, मला कोरड्या रानाचं कौतुक ते काय? पण खरंच, विट्याच्या पुढं हिरवं संपत गेलं आणि नुसता माळ लागला. कुसळं, बोरीबाभळी, मधेच एखादं मेंढरांचं खांड. ह्यांनी फटफटी थांबवली आणि हात लांब करून म्हणाले, "हे असंच. फकस्त झाड बी न्हाई. तिथं रातीला लॉरीखाली पडल्यावर मी घरच्या एकेका मानसाचं तोंड आठवायचो. सगळ्यांची आठवायची, तुझं आठवायचं न्हाई. कवा नीट बघितल्यालंच न्हवतं." मी ऐकलं. पदराआडून मी त्यांच्याकडं पाहिलंही. त्यांना दिसलं नाही.

आटपाडीच्या पुढं एका खेड्याबाहेर फटफटीची साखळी तुटली. दुरुस्त होईपर्यंत तिथंच तंबू पडला. जवळ धनगरांचा वाडा उतरला होता, बायकापोरं आणि मेंढरं. हे दिवसभर साखळीशी झटत, फटफटी सुरू करून बघत, तिच्या आवाजानं मेंढरं उधळत आणि एक धनगराची म्हातारी लांबून हात उडवून शिव्या देई. मी तंबूच्या सावलीत बसून शेंगा फोडायची.

ते दिवस चांगले नव्हते. आमच्या सगळ्या भागात बेचाळीसची चळवळ होऊन गेलेली, खाकी कपडा दिसला की लोक दारं लावून घ्यायचे. त्यातून माळावर खाकी तंबू, फटफटी, गॉगलवाला दांडगा पुरुष, आणि बरोबर एकटी बाई. ना म्हातारं माणूस, ना लेकरू, ना सोबतीला गाडी. दुसऱ्या दिवशी दुपारी गावातून माणसं आली आणि आम्हांला पाटलाकडं घेऊन गेली. ह्यांना चावडीत उभं केलं आणि मला शेजारीच पाटलाच्या घरी ओसरीवर बसवलं. दोघांना मुद्दामच वेगळं केलं होतं.

पाटलीणबाई तोंडानं गोड होत्या. "घाबरू नगंस. कुनी पळवून आनलं असंल तर सांग, तुला म्हायेरी पोचवू." मी म्हटलं, न्हाई. "मग ह्यो कोन तुजा?" मी मालक म्हणाले. "नाव काय मालकाचं?"

आता हे आजच्या मुलींना सांगून पटत नाही. नवऱ्याचं नाव तोंडातून काढणं आमच्यात पाप मानत. आयुष्य कमी होतं म्हणत. सासऱ्याचं नाही, थोरल्या दिराचं नाही, नवऱ्याचं तर नाहीच नाही. त्याच नावाचा देव असला तर आम्ही देवाचंही नाव फिरवून घेत असू. तेव्हा मी गप्प बसले. आणि पाटलीणबाई, ज्यांनी स्वतः जन्मात पाटलाचं नाव घेतलं नसेल, त्या इतर बायकांकडं बघून म्हणाल्या, "बगा, नाव सांगंना." तोवर ओसरी बायकांनी भरली होती. एकीनं माझं मंगळसूत्र हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. एकीनं वास घेतला, पावडरीचा येतो का बघायला. एकजण म्हणाली, "तमाशातली दिसत न्हाई, पर काय सांगता येत न्हाई." मी पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. अंगठ्याच्या नखात काळी माती होती आणि मला तिचीही लाज वाटत होती.

शेवटी पाटलीणबाईंनीच वाट काढली. "बरं, उखान्यात तरी घेशील का न्हाई? त्यात काय पाप न्हाई." ते खरं होतं. उखाण्यात चालतं. लग्नात आत्यानं मला एक पाठ करून दिला होता, तोच मी आठवला. कृष्णेच्या काठाला उसाचा मळा, एवढं म्हटलं आणि आवाज फुटला. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. इतक्या परक्या बायकांत, कुणाचं लग्न नाही, बारसं नाही, आणि मी नाव घेतलं. अंगाला दरदरून घाम सुटला. पण मनात कुठंतरी हलकंही वाटलं. झालं एकदाचं, आता सोडतील.

एक बाई नाव घेऊन चावडीत पळाली. थोड्या वेळानं स्वतः पाटीलच ओसरीपाशी आले, मागं सगळे पुरुष. पाटील दुसरीकडं तोंड करून म्हणाले, "त्यो तर येगळंच नाव सांगतोय." आणि त्यांनी ते नाव मोठ्यानं उच्चारलं.

ते माझ्या थोरल्या दिरांचं नाव होतं.

मला काहीच उमजेना. हे असं का सांगतील? पाटलांनी विचारलं, "ह्या नावाचा मानूस तुजा कोन लागतो?" मी काय सांगणार? ज्यांच्यासमोर मी कधी उभी राहिले नाही, ज्यांची चाहूल लागली की मी भिंतीकडं तोंड करते, त्यांचं नाव माझा नवरा आपलं म्हणून सांगतोय. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "थोरलं भाऊजी." झालं. पाटलीणबाईंनी तोंडाला पदर लावला. पुरुषांतून कुणीतरी एका दमात सगळं जुळवून टाकलं, "म्हंजी एका भावाची बायकू दुसरा घिऊन पळालाय." बायका माझ्यापासून लांब सरकल्या. मघा मंगळसूत्र धरलेली बाई हात लुगड्याला पुसू लागली. चावडीच्या खांबापाशी हे उभे होते, तिथून मला दिसत होते. ताठ, परेडीला उभं राहावं तसे. चेहरा पांढरा पडला होता. त्यांनाही आपण काय बोलून बसलो ते नुकतंच कळत होतं.

एवढ्यात ती धनगराची म्हातारी काठी टेकत आली. ती आपली मेंढरांची तक्रार घेऊन आली होती. फटफटीच्या आवाजानं तिची दोन मेंढरं ओढ्यात पडली होती आणि तिला ह्यांना चार शब्द सुनवायचे होते. कुणीतरी तिला सांगितलं की हा बाई पळवून आलाय. म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, चावडीकडं बघितलं आणि खो खो हसायला लागली.

"आरं पाटला, पळून आल्याली बाई कवा बघितलीस का? पळून आल्याली बाई हासती, बोलती, त्येच्या अंगाला अंग लावून बसती. मी कालधरनं बघतीया. ही बाई त्येच्याकडं वर तोंड करून बघंना. त्यो चा करून देतोय, भात करून देतोय, बोल बोल म्हनतोय, आन ही दगडावानी बसलीया. दोन दिसांत एक शबूद बोलली न्हाई त्येच्यासंगट. ही लग्नाचीच हाय. सोड त्यास्नी."

मग सगळी चावडी हसली. पाटील हसले. पाटलीणबाई हसल्या. म्हातारीचं म्हणणं प्रत्येकाला पटलं, एकालाही शंका राहिली नाही. त्या हसण्यात ह्यांचा आवाज नव्हता. ते माझ्याकडं बघत होते आणि मी पहिल्यांदाच, इतक्या लोकांत, वर बघितलं. मघापासून जी लाज वाटत होती ती काहीच नव्हती असं मला वाटलं. आमचं लग्न झालेलं आहे ह्याला पुरावा कसला, तर मी नवऱ्याशी बोलत नाही हा. आणि तो परक्या गावात सगळ्यांना मान्य.

मग ह्यांनी खुलासा केला. भरतीला थोरल्या भावाचं नाव लागलं होतं, छाती मोजून झाली होती. आयत्या वेळी थोरल्याला ताप भरला, जाऊबाई बाळंत व्हायच्या होत्या, म्हणून धाकटा गेला, थोरल्याच्या नावानं. इतकी वर्षं कुणी साहेबानं नाव विचारलं की तेच तोंडात येई, तसं पाटलापुढं आलं. पाटलांना नवल वाटलं नाही. "आमच्यातलं बी दोघं असंच गेल्यात," म्हणाले. मला दूध दिलं, हळदीकुंकू लावलं. घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली ही गोष्ट मला, घरच्या सुनेला, त्या ओसरीवर कळली. दूध मी तसंच खाली ठेवलं.

साखळी जुळली तसे आम्ही सांगलीच्या वाटेला लागलो. माधवनगरला गिरणी सुटत होती, रस्ता माणसांनी भरला होता. लोक पाळण्याकडं बोटं दाखवत होते. मी पदर ओढलाच नाही. ओढायचं सुचलंच नाही, माझं लक्ष त्यात नव्हतं. मनात एकच गोष्ट घोळत होती.

सांगलीत ते मला आमराईत घेऊन गेले. मोठमोठी झाडं, खाली गार सावली. त्यांनी ह्या वेळी बाकडं झटकलं नाही, एकटेच बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. मी जाऊन बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. समोर बघत विचारलं, "आवं, पलटनीत बायकूचं नाव कुनाचं सांगितलंय?"

माझं त्यांच्याशी पहिलं बोलणं ते. ते टोपी काढून तिचा काठ चाचपत बसले.

"वैनीचं," ते म्हणाले. "नाव दादाचं, मग बायकू बी दादाचीच लिवाय लागली. दुसरं काय लिवनार?"

मी काही रडले नाही. राग मात्र असा आला की कानात आवाज यायला लागला. कुणाचा राग, तेही कळेना. ते तिकडं मेले असते तर सरकारनं जाऊबाईंना कळवलं असतं. कुंकू माझं पुसलं असतं आणि कागदावर मी कुणीच नव्हते. हे मी त्यांना जसंच्या तसं बोलून दाखवलं. बोलताना माझा आवाज चढला. शेजारून जाणारं एक कुटुंब थबकलं. ह्यांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही, माझ्याकडंच पाहत राहिले. "बोल," म्हणाले. मग मी बोलले. सासूबाईंबद्दल बोलले, माजघरातल्या धुराबद्दल, लढाईत गावातला कुणी मेल्याची बातमी आली की घरातल्या बायका माझ्याकडं कशा बघायच्या त्याबद्दल. त्यांनी मला काही समजावलं नाही. मधेच एकदा विचारलं, "मग, सही करू का नको?" एवढं सगळं बोललेली मी, पण राहा म्हणवेना. राहा म्हणणं म्हणजे तुम्ही मला हवेत असं म्हणणं, आणि ते बागेत, उजेडात, नवऱ्याच्या तोंडावर कसं म्हणायचं? माळ्यानं फाटक लावायची घंटा वाजवली आणि आम्ही उठलो.

घरी पोचलो तेव्हा सोप्यात सगळे बसले होते. सासरे, थोरले दीर, चुलत सासरे. मी प्रसाद देवापुढं ठेवला आणि रीतीप्रमाणं माजघरात जाऊन दाराआड उभी राहिले. इकडचं तिकडचं झाल्यावर थोरले दीर म्हणाले, "मग सही करनारच की. मोट सोडून हिरीवर इंजान बशीवायचं म्हंतोय आमी." सासरे ह्यांना म्हणाले, "काय ठरीवलंस?"

हे गप्प. मला दाराच्या फटीतून दिसत होते. त्यांनी एकदाच दाराकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. मला दिलेली मुदत संपली होती. आता ते हो म्हणतील हे मला कळलं, आणि त्या म्हातारीचं हसू कानात आलं. दगडावानी बसलीया.

मी उंबरा ओलांडला. सासऱ्यांसमोर, थोरल्या दिरांसमोर, सोप्यात येऊन उभी राहिले. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं. मी म्हणाले, "त्यांनी जायाचं न्हाई. मला ते हितं पायजेत."

सासूबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. थोरले दीर उठले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, जे मी त्यांच्यासमोर आजवर करत आले होते. सासऱ्यांनी पायात वहाणा अडकवल्या आणि मळ्याच्या वाटेला लागले. आपल्या घरात असली बाई कधी झाली नाही, हे सासूबाई मला मरेपर्यंत ऐकवत राहिल्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. माझं मलाच अंग जळाल्यासारखं वाटत होतं. आत पळावं तर पळवत नव्हतं.

आणि हे? आठ-पंधरा दिवस मला बोल, बोल म्हणून जीव नको करणारा, आफ्रिका-इटली बघून आलेला तो माणूस कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता. मान खाली घालून जमिनीचं शेण अंगठ्यानं उकरत बसला होता. मी पाहतेय हे कळलं तसे ते आणखीच वाकले आणि पुटपुटले, "आगं, आत जा की. दादा हुबं ऱ्हायल्यात." मी गेले नाही. त्यांच्याशेजारी, सोप्यातच, भिंतीला टेकून बसले.